चांदणीनं हुंगलेला हात

कोंढा गावच्या आमराईत शिरले आणि घोड्याच्या लिदीचा वास आला. आधी आनंद उसळला आणि लगेच मागोमाग काहीतरी आंबट. वास कधी निवडून पाखडून आठवण देत नाही, सगळं एकत्रच ओततो. धान कापून मोकळ्या झालेल्या बांध्यांमधून ओलसर तणसाचा वास येत होता, पलीकडच्या बोडीतून, म्हणजे लहान तळ्यातून, शेवाळाचा, आणि या सगळ्यात उन्हानं तापलेल्या घोड्याच्या पाठीचा तो गोडसर, खारट वास. इतक्या वर्षांत तो जरासुद्धा बदलला नव्हता, याचाही मला थोडा रागच आला.

दिवाळी सरली आणि तुळशीचं लग्न अजून लागायचं आहे, अशा मधल्या दिवसांत इथं घोड्यांचं शिबिर भरतं. एकदा लगीनसराई सुरू झाली की नवरदेवाच्या घोडीला उसंत नसते, म्हणून आजूबाजूच्या गावांतले घोडीवाले आपापली जनावरं आधीच इथं आणून बांधतात. नागपूरच्या कॉलेजातून पशुवैद्यकीची मुलंमुली येतात. ती खूर तासतात, दाताची टोकं घासतात, जंताचं औषध पाजतात. घोडीवाल्यांचं काम फुकटात होतं आणि मुलांचा हात बसतो. मीही इथं पहिल्यांदा आले ती अशीच, अंगावर नवाकोरा एप्रन घालून.

त्यानंतर आले नाही. साकोलीकडच्या दवाखान्यात गाई, म्हशी, शेळ्या, कोंबड्या यांच्यात माझी नोकरी चालली आहे. त्यांच्याविषयी माझी काही तक्रार नाही. यंदा आले ती गार्गीसाठी. माझी मुलगी शेवटच्या वर्षाला आहे आणि शिबिराच्या तुकडीत होती. त्या तुकडीला घेऊन आली होती नलिनी, म्हणजे नलू. माझी कॉलेजातली मैत्रीण. हे वाक्य मी आयुष्यभर बोलत आले आहे आणि प्रत्येक वेळी दात थोडे घट्ट मिटून.

शिबिराच्या आधी तिचा फोन आला होता. ती आता कॉलेज सोडून पुण्याच्या पलीकडच्या घोड्यांच्या एका मोठ्या दवाखान्यात चालली होती. सोबत शिकायला एकच विद्यार्थी नेता येणार होता. "गार्गीला नेईन म्हणते," ती म्हणाली. "तिची इच्छा आहेच. पण तुझा होकार नसेल तर नाही नेणार. शिबिर संपताना सांग मला." मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. नकार तिथंच तयार होता. एकोडीच्या आमच्या घराला लागून मी एक खोली बांधून घेतली आहे, गार्गीच्या दवाखान्यासाठी. तिथं फरशी कोणती घालायची इथपर्यंत माझं ठरलेलं आहे. ही खोली सोडून पोर घोड्यांच्या मागं जाणार, आणि तीही नलूच्या हाताखाली, हे मला पटणं शक्य नव्हतं.

आमराईत पाऊल ठेवताच आमच्या वेळी तुकडी घेऊन येणाऱ्या मॅडम आठवल्या. ठेंगणा बांधा, सुती साडीचा पदर कमरेला घट्ट खोचलेला, पायात पुरुषी बूट. आवाज इतका हळू की ऐकायला सगळ्यांना जवळ जावं लागे. बहुधा म्हणूनच त्या हळू बोलत. पोटदुखीचा घोडा समोर आला की स्टेथोस्कोप काढणाऱ्या मुलाच्या हातावर त्या हलकेच चापट मारत. "आधी कान, मग यंत्र." मग आम्ही एकेक करून घोड्याच्या कुशीला उघडा कान लावायचो. उजवीकडे वरच्या बाजूला, थोडं थांबलं की आत कुठंतरी पाणी धबधबा पडल्याचा आवाज यायचा. तो ऐकू आला की पोट चालू आहे. गालाला घोड्याचे आखूड केस टोचायचे, ऊब लागायची, आणि डोळे आपोआप मिटायचे.

मला त्या तुकडीत स्वतःचा भारी तोरा होता. मी एकोडीची, बैलांच्या पायात वाढलेली. बाकीच्या पोरी शेणात पाय पडला तरी किंचाळायच्या. नलूच्या वडिलांचं नागपुरात फोटो काढायचं दुकान होतं, तिनं तोवर जनावर म्हणून फक्त शेजारच्यांचं कुत्रं पाहिलं होतं. तेव्हा घोड्याजवळ पहिली मीच गेले, सराईतासारखी, मागच्या पायांच्या मागं तिरकी उभी राहिले. मॅडम म्हणाल्या, "गाय बाजूला लाथ मारते, घोडा मागं मारतो. तू गाईजवळ उभी आहेस." सगळे हसले. नलू हसली नाही, तिनं ते वहीत लिहून घेतलं. हसली असती तर बरं झालं असतं.

त्या काळी शिबिराचा मानकरी होता गुलाबमामा. या भागातल्या निम्म्या वराती त्याच्या घोड्यांवरून निघायच्या. त्याचा एक रिवाज होता. परका हात घोडीला लागायच्या आधी तो एकेकाला तिच्या तोंडासमोर उभं करी, हात पालथा धरायला लावी आणि घोडीला हुंगू देई. ती जिच्या हाताशी रेंगाळली, ती तिची डाक्टरीन. शिबिर संपेपर्यंत दुसऱ्या कुणी तिला सुई लावायची नाही की खूर उचलायचा नाही. मॅडम हा रिवाज पाळत. आम्हाला त्यात गंमत वाटायची आणि मनातून प्रत्येकीला एकच घोडी हवी होती. चांदणी. पांढरीशुभ्र, कपाळावर फिकट भोवरा, चालताना मान अशी उचलायची की जणू वरात तिचीच आहे.

होस्टेलवरच्या मुली म्हणायच्या, तुझ्या हाताला गोठ्याचा वास येतो. हसतहसतच म्हणायच्या, पण मला ते झोंबायचं. मग मी हात धुवायला लागले ते लाल जंतुनाशक साबणानं, कोपरापर्यंत, कातडी ओढली जाईस्तोवर. त्या सकाळीही बोरिंगवर जाऊन मी तसे हात घासून आले. चांदणीसमोर ते स्वच्छ, सुरकुतलेले हात धरले. तिनं नाक आणलं, कान मागं पाडले, जोरात फुरफुरली आणि तोंड फिरवून घेतलं. साबणाच्या वासावरून ती मला काय समजली असेल देव जाणे, बाटलीतलं औषधच समजली असेल. माझ्यामागं नलू होती. ती उशिरा उठली होती, आंघोळीचा पत्ता नव्हता, चालताचालता गूळमुरमुरे खात आली होती. तिनं बोटं एप्रनला पुसली आणि हात पुढं केला. चांदणीच्या नाकपुड्या रुंद झाल्या. ती हुंगत राहिली, मग ओठानं नलूची बोटं चाचपत राहिली.

"झालं," गुलाबमामा चांदणीला म्हणाला. "हे तुयी डाक्टरीन."

माझ्या वाट्याला भुरा नावाचं एक तट्टू आलं. स्वभावानं खडूस आणि दातांनी त्याहून. त्याचे खूर तासताना मी चांदणीकडं पाहत बसायचे. नलू तिच्या कुशीला कान लावून उभी असायची, डोळे मिटून, लागेल तेवढा वेळ. तिला कुणी हाक मारली तरी ऐकू जायची नाही. दुपारी आंब्याच्या सावलीत सगळे डबे उघडायचे, वांग्याच्या भाजीचा वास सुटायचा, धानाच्या भाऱ्यांनी लादलेल्या बैलबंड्या बोडीच्या पाळीवरून करकरत जायच्या, आणि मला त्या सगळ्यात एकच दिसायचं की घोडी मान वळवून तिला शोधते आहे. माणसानं माणसावर जळावं हे मला ठाऊक होतं. एका जनावराच्या नजरेसाठी आपण जळू शकतो हे मला तिथं कळलं.

त्यातच मॅडमच्या लक्षात आलं की चांदणीला दौडवली की तिचा श्वास घोरतो. आमच्याकडं उभ्या धानात लाखोळी, म्हणजे लाखेची डाळ, टाकतात, ती उगवते तशी माणसं खातात, जनावरंही खातात. घोड्याला ती फार दिवस घातली तर गळ्यातली नस लुळी पडते आणि श्वासाची वाट अरुंद होते. मॅडमनी घोडीला नागपूरला नेऊन गळ्याचं ऑपरेशन करायचं ठरवलं. गुलाबमामा म्हणाला, "जिचा हात हुंगला ते सोबत पायजे जी. नायतं घोडी गाडीतच नाय चढनार." म्हणून नलू ट्रकमध्ये बसून गेली. आम्ही बाकीचे मागं राहिलो, जंताचं औषध पाजत.

ऑपरेशनच्या टेबलाशी मॅडमच्या शेजारी ती उभी होती. मी शिबिरातून परतल्यावर होस्टेलच्या खोलीत माझ्या पलंगावर बसून तिनं मला सगळं सांगितलं. घोडीला गुंगी येताना तिचा खालचा ओठ कसा लोंबला, मॅडमनी कातडी कशी उघडली, गळ्याच्या आतलं गुलाबी कसं चमकत होतं, आणि शुद्धीवर येताना चांदणीनं पहिला उठायचा प्रयत्न केला तेव्हा मॅडमनी कसं तिलाच, नलूलाच, डोक्याशी बसवलं. ती अगदी मनापासून सांगत होती, मला दाखवायला नव्हे. मी भिंतीकडं तोंड करून पडून राहिले आणि झोप आल्याचं सोंग केलं.

पुढं चांदणी पुन्हा वरातीत नाचली, न घोरता. नलू मॅडमची झाली. सुट्टीच्या दिवशी घोड्यांच्या वॉर्डात ती, पुढच्या शिबिरात मॅडमच्या उजव्या हाताला ती, मग त्यांच्याच जागेवर शिकवायलाही ती. मॅडम गेल्या तेव्हा त्यांची घोड्याचे दात घासायची लांब कानस नलूकडं आली. हे मला कुणीतरी सहज सांगितलं, आणि मी त्या दिवशी एका म्हशीच्या मालकावर उगाच ओरडले. साबणानं हात धुतले नसते तर, असा विचार मी किती वेळा केला असेल. तो खुळा आहे हे मला कळतं. गुळाच्या बोटांनी कुणी सर्जन होत नाही. पण मत्सराला एवढी अक्कल कुठून असणार.

घरात हे सगळं मी गिळून टाकलं होतं, निदान माझी तशी समजूत होती. रस्त्यावरून वरात गेली की गार्गी लहानपणी खिडकीला लटकायची. मी आतूनच म्हणायचे, "खूर पहाय किती वाढले त्या घोडीचे. बोलवा म्हना नलू मॅडमले." मोबाईलवर नलूचा एखादा व्हिडिओ आला, कुठल्यातरी शर्यतीच्या घोड्याचा पाय पाहताना, की मी तो पूर्ण पाहायचे आणि मग म्हणायचे, आवाज फार वाढवते ही. मास्तर, म्हणजे माझे यजमान, वर्तमानपत्रामागं हसायचे.

आणि आता ती माझ्यासमोर उभी होती. केस कापलेले, बरेचसे पांढरे, बूट अगदी मॅडमसारखे. मला घट्ट मिठी मारली. मुलांना सांगितलं, "या गार्गीच्या आई." मीही त्याच कॉलेजची डॉक्टर आहे हे तिनं लगेच पुढं सांगितलं, पण मुलांना पहिलंच लक्षात राहिलं. शिबिरभर मी गार्गीच्या आई झाले. गुलाबमामा आता थकला आहे, बाजेवर बसून असतो. त्यानं नलूला लांबून ओळखलं. माझ्याकडं बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "तुमी कोन्या गावच्या जी?"

नलू शिकवत होती ते शब्द मॅडमचे होते. ठीक आहे, वारसा आहे तिचा. पण तेच शब्द गार्गीच्या तोंडून आले तेव्हा मला सोसेना. खालच्या वर्गातल्या एका मुलाच्या हातावर हलकेच चापट मारून ती म्हणाली, "आधी कान, मग यंत्र." बोलताना मान किंचित तिरकी. नलूची तिरकी होते तशी. मी दिलेलं नाक, मास्तरांनी दिलेले डोळे, आणि मान मात्र नलूची.

शेवटच्या दुपारी शेवंती नावाची एक घोडी पडली. मालक तरुण पोरगा होता, शिबिर संपणार म्हणून कौतुकानं त्यानं तिला सकाळी धानाचा ताजा कोंडा बादलीभर चारला होता. ती पुन्हापुन्हा आपल्या कुशीकडं वळून पाहत होती, जमीन उकरत होती, मध्येच अंग टाकत होती. तिला उठवून उभं केलं. नलूनं कान लावला, गार्गीनं लावला, मी लावला. आत पाणी पडत नव्हतं. नाकातून नळी घालून पोट मोकळं करायचं ठरलं. नलूनं नळी गार्गीच्या हातात दिली. डोकं धरायला सगळ्यात जवळ मी होते, म्हणून मी धरलं.

नळी नाकाच्या तळाशी धरून हळूहळू आत सरकवायची. घशाशी थांबायचं, घोडीनं गिळलं की त्याच वेळी पुढं ढकलायची. चुकून श्वासनळीत गेली आणि तसंच औषध ओतलं, तर जनावर मेलंच. गार्गीनं घाई केली. घोडी खोकली, माझ्या हातात तिचं सगळं डोकं हादरलं. नळी चुकीच्या वाटेनं गेली होती. मला ते कळलं, मी तोंड उघडलं. माझं तोंड आणि गार्गीचं तोंड यांच्यात वीतभर अंतर होतं. पण तिची नजर माझ्या खांद्यावरून मागं गेली, नलूकडं.

नलूनं फक्त मान हलवली असणार, कारण गार्गीनं नळी सावकाश मागं घेतली, श्वास सोडला आणि थांबली. घोडीनं गिळलं तेव्हा तिनं पुन्हा ढकलली. मानेच्या डाव्या बाजूला कातडीखालून नळीचं टोक खाली सरकत गेलेलं मी पाहिलं. गार्गीनं नळीला तोंड लावून फुंकलं, मग टोक स्वतःच्या नाकाशी नेलं. आंबलेल्या कोंड्याचा वास भसकन बाहेर आला, माझ्याही तोंडावर. तिनं नाक मुरडलं आणि हसली. सगळा चेहरा भरून हसली. असा चेहरा ती लहान असताना रोज असायचा, शाळेतून आली की. मग केव्हातरी तो घरी यायचा बंद झाला, आणि तो कुठं जातो ते मला आत्ता दिसत होतं. मला नलूचा हेवा वाटला, त्या घोडीचा वाटला, आणि खरं सांगायचं तर त्या रबरी नळीचासुद्धा वाटला.

पोट मोकळं केलं, तेल पाजलं, मुलं आळीपाळीनं शेवंतीला बोडीच्या पाळीवरून फिरवत राहिली. उन्हं कलताना तिनं लीद टाकली तेव्हा सगळ्या आमराईत टाळ्या पडल्या. लिदीला टाळ्या वाजवणारी माणसं जगात फक्त आमच्याच धंद्यात सापडतील. गुलाबमामानंही बाजेवरून हात वर केला.

नलू हात पुसत माझ्याजवळ आली.

"ने तिले," मी म्हणाले. "सणावारी पाठवत जाजो."

ती माझ्याकडं पाहतच राहिली. "मला वाटलं तू नाही म्हणशील. मी तर उत्तरही पाठ करून आली होती."

"मी पन नाहीच म्हननार होती."

यात माझा मोठेपणा काही नव्हता. गार्गीला मी त्या खोलीत ठेवून घेतलं असतं, हवी ती फरशी घातली असती, तरी ती आयुष्यभर माझ्या खांद्यावरून मागं पाहत राहिली असती, हे मला त्या वीतभर अंतरात दिसलं होतं. तेवढं सोसण्यापेक्षा नलू बरी.

गार्गी बोडीच्या काठावर नळी धूत बसली होती. मी जाऊन शेजारच्या दगडावर बसले. पाण्यात शिंगाड्याची पानं पसरली होती आणि पलीकडं कुणीतरी जाळं आवरत होतं.

"मॅडम म्हनाल्या, तू हो म्हनली," ती म्हणाली.

"हं."

"मनातून म्हनली?"

"नाही."

तिनं नळी पाण्यात बुडवली. मला वाटलं आता राग येईल हिला. म्हटलं, एकदाचं सांगून टाकावं. "जळून राहिली न मी, बाई. तुह्या मॅडमवर. कॉलेजात होतो तवापासून जळून राहिली, आताही जळून राहिली. तुले नाही माहीत."

"मले माहीत आहे."

"काय माहीत आहे तुले?"

"नलू मॅडमचं नाव निघालं की तुह्या भाजीत मीठ जास्त पडते. मी लहान होती तवापासून. बाबा काही बोलत नाही, ताक ओतून घेतात भातावर."

इतकी वर्षं मी जे झाकून ठेवलं होतं, ते आमच्या घरात सगळे रोज भातात कालवून खात होते. "एवढं माहीत होतं, मंग तिच्याच मांगं काहून लागली? बाकीचं काही नव्हतं का शिकाले?"

तिनं नळीचं टोक वर धरून आतलं पाणी सांडू दिलं.

"तू कोनावर जळत नाही, आई. मामीच्या दागिन्यावर नाही, काकाच्या बंगल्यावर नाही. दुसऱ्या बाया जळतात तशी तू कधीच नाही जळली. एकाच गोष्टीवर जळते तू. म्हटलं, मही आई जिच्यासाठी एवढी जळते, ते आहे तरी काय, मले पाहाचं होतं."

"मंग? पाहिलं?"

"पाहिलं न." ती माझ्याकडं पाहत होती, सरळ माझ्याकडं. "बरोबर जळत होती तू."